टॉवेल-टोपीचं अ‍ॅनालिटिक्स

निपाणीच्या बाजारपेठेत धनपाल आप्पांचं कापडदुकान आहे. दुकानात गादी एकच आणि तिच्यावर आप्पा. त्यांचा एकुलता एक मुलगा श्रेयांस गादीच्या खाली, कापड मोजायच्या बाजूला बसायचा. वय चाळिशीला टेकलेलं, आणि डोक्यावरचे केस गादीची वाट बघून बघून कंटाळून निघून गेलेले. गिऱ्हाईक कापड त्याच्याकडून बघून घ्यायचं, हात लावून घ्यायचं, रंग जाईल का म्हणून त्यालाच विचारायचं. आणि भावाची वेळ आली की मान उचलून त्याच्या टकलावरून पलीकडं आप्पांकडं बघायचं. आपल्या डोक्यावरून नजरा जाताना माणसाला वारा लागत नाही म्हणतात, पण श्रेयांसला लागायचा.

अशा माणसानं ह्या वयात बिझनेस अ‍ॅनालिटिक्सची पदव्युत्तर पदवी घ्यायचं मनावर घेतलं, तर त्यात नवल करण्यासारखं काही नाही. ह्या वयात कोणी प्लॉट घेतं, कोणी ट्रेकिंगचे बूट घेतं. श्रेयांसनं बेळगावच्या एका खाजगी संस्थेत शनिवार-रविवारच्या वर्गाला नाव घातलं.

“धंद्याचं शास्त्र शिकवत्यात व्हय तिथं?” आप्पांनी सुपारी कातरता कातरता विचारलं. “शीक की. सर्टिफिकेट आण आणि गादीवर बस. मी उठतो.”

आप्पा हे चेष्टेत म्हणाले होते. पण श्रेयांसची आई चंपाबाई तेवढ्यात जेवणाचा डबा घेऊन आलेल्या होत्या, आणि त्यांच्या कानावर पडलेला शब्द मागं घेता येत नाही हा त्या घरातला जुना नियम होता. “मी ऐकलंय हं,” एवढंच त्या म्हणाल्या आणि डबा ठेवून गेल्या. झालं. सौदा पक्का झाला.

पुढची दोन वर्षं श्रेयांसनं कशी काढली ते तवंदी घाटातून बेळगावला जाणाऱ्या पहाटेच्या एसट्यांना विचारावं. वर्गातली पोरं त्याला ‘अंकल’ म्हणायची. मात्र सगळ्या वर्गात खरंखुरं गिऱ्हाईक डोळ्यांनी पाहिलेला माणूस तो एकटाच, हे समाधान त्यानं जपून ठेवलं होतं. कसाबसा तो शेवटच्या प्रोजेक्टपर्यंत पोचला. प्रोजेक्ट पास म्हणजे पदवी, पदवी म्हणजे गादी. हिशेब सरळ होता. सरळ हिशेबाचं काय होतं ते व्यापाऱ्याच्या पोराला वेगळं सांगायला नको होतं, पण त्या वेळी कोणी सांगितलं नाही.

मार्गदर्शक तेजस्वी मॅडम वयानं त्याच्या धाकट्या बहिणीसारख्या. त्या म्हणाल्या, “इंटरनेटवरचा डेटा चालणार नाही. तुमच्या दुकानातला खराखुरा प्रश्न आणा.”

खराखुरा प्रश्न होता. देण्याघेण्याचा टॉवेल.

देण्याघेण्याचा टॉवेल हा अंग पुसण्यासाठी नसतो. त्यानं अंग पुसलं तर अंग ओलंच राहतं आणि टॉवेल संपतो. तो लग्नात माइकवर नाव पुकारून, टोपी आणि नारळासकट, पाहुण्याच्या हातात ठेवण्यासाठी असतो. पाहुणा तो कपाळाला लावतो, पिशवीत टाकतो आणि प्लॅस्टिकच्या पिशवीची घडीही न मोडता घरच्या ट्रंकेत ठेवतो. ह्या भागात लग्नं वाढली होती, पाहुणे वाढले होते, मांडव एकरभर झाले होते. आणि आप्पांच्या दुकानातल्या ह्या टॉवेलांचा खप मात्र दरवर्षी उतरत चालला होता. का?

शेजाऱ्यांना कारण माहीत होतंच. समोरचा औषधवाला श्रेयांसला म्हणाला, “ऑनलाईन, अण्णा. सगळं ऑनलाईननं खाल्लं.” पलीकडचा भांडीवाला म्हणाला, “लोकांना मान द्यायचीच इच्छा राहिली नाही.” हे बोलताना त्यानं स्वतः येणाऱ्या गिऱ्हाइकाकडं पाठ केली होती. लग्नाचे व्हिडिओ काढणारा शामू शेजारच्याच गाळ्यात, त्यानं बराच विचार करून सांगितलं, “तुमचा रंग चुकतोय. कॅमेऱ्यात पांढरा फाटतो, नुसता उजेड दिसतो.”

खरं कारण सापडलं ते घरीच. एका रविवारी वर्गाला सुट्टी होती आणि बायकोला, राजश्रीला, चिकोडीच्या लग्नाला जायचं होतं. तिनं कॉटखालची ट्रंक ओढली. आत टॉवेल-टोप्यांची थप्पी. त्यातली वरची उचलून तिनं पिशवीत टाकली.

“अगं, दुकान आपलं हाय!” श्रेयांस म्हणाला. “नवीन टॉवेल घेऊन जा की.”

“दुकानातला कशाला मोडायचा? हे आलेलं पडलंय की,” राजश्री म्हणाली. “आणि तुमच्या आईंनीच शिकवलंय.”

कापडवाल्याच्या घरची ही तऱ्हा, मग इतरांची काय असणार? श्रेयांस त्या ट्रंकेपुढं तसाच बसून राहिला. आपला स्पर्धक मुंबईत नव्हता, मोबाईलमध्ये नव्हता. तो घरोघरी कॉटखाली होता. एकदा विकलेला टॉवेल मरतच नव्हता. एका ट्रंकेतून दुसऱ्या ट्रंकेत तो फिरत होता. फक्त तो कसा आणि किती फिरतो हे कोणी मोजलं नव्हतं.

मॅडम खूष झाल्या. अडचण एवढीच आली, की संस्थेला ‘कंपनीच्या सक्षम अधिकाऱ्याचं’ शिक्क्यानिशी परवानगीपत्र पाहिजे होतं. सक्षम अधिकारी म्हणजे आप्पा. श्रेयांसनं कागद पुढं केला. आप्पांनी तो चष्मा न लावताच उलटा-सुलटा पाहिला आणि कंपन्यांच्या एजंटांशी बोलतात त्या आवाजात म्हणाले, “ठेवून जावा. विचार करून कळवतो.”

दुसऱ्या दिवशी श्रेयांसनं आठवण करून दिली. “मालक जेवायला गेल्यात,” आप्पांनी सांगितलं. मालक समोर बसून सुपारी कातरत होते. शेवटी चंपाबाईंनी जेवायला वाढणं लांबवलं तेव्हा सही झाली. मग संस्थेच्या कारकुनानं पत्र परत पाठवलं, कारण पत्राचा मथळा मराठीत आणि शिक्का कन्नडमध्ये. ही दोन दुकानं आहेत की एक, याचा खुलासा करावा. श्रेयांसनं खुलासा केला. तो इंग्रजीत केला म्हणून चालला.

नंतर आलं संमतीपत्र. ज्याच्या टॉवेलाचा अभ्यास करायचा त्याची सही घेणं नियमानं आवश्यक होतं. राजश्रीनं शिलाई मशीनवर एका गठ्ठ्यातल्या प्रत्येक टॉवेलाच्या कोपऱ्यात नारिंगी दोऱ्यानं आंबा आणि त्याखाली नंबर घातला. घडी अशी घातली की प्लॅस्टिकमधूनही नंबर दिसावा. गठ्ठा तयार झाला आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून बेळगुंदीचे मारुतीराव बस्ता बांधायला आले.

मारुतीराव शेती सांभाळून बेळगावात एका कचेरीत नोकरी करायचे. पत्नी जयाबाईंचं माहेर निपाणीकडचं, म्हणून घरातल्या लग्नाची कापडखरेदी कायम आप्पांकडं. ह्या खेपेला लेकीचं, दिपालीचं लग्न होतं, मुलगा हिंडलग्याचा.

“ही सही कशाला ओ अण्णा?” मारुतीरावांनी संमतीपत्र बघून विचारलं.

“टॉवेलाला नंबर घातल्यात. त्याची नोंद राहावी म्हणून.”

“म्हणजे गॅरंटी?”

श्रेयांसनं खुलासा करायला तोंड उघडलं. पण गिऱ्हाईक प्रश्न विचारताना नजर वरच लावतं, आणि उत्तरही वरूनच आलं.

“व्हय व्हय,” आप्पा गादीवरून म्हणाले, “गॅरंटीच म्हना की.”

“बघ गं,” मारुतीराव जयाबाईंना म्हणाले, “टॉवेलाला गॅरंटी! हे बेळगावात मिळायचं न्हाय.” सगळा गठ्ठा त्यांनीच उचलला. जो टॉवेल जन्मात कोणी वापरणार नाही, त्याच्या गॅरंटीचा, सगळे नंबर लिहिलेला कागद जयाबाईंनी घरी रेशनकार्डाशेजारी ठेवला, आणि हरवायला नको म्हणून मोबाईलमध्ये त्याचा फोटोही काढून घेतला.

दिपालीचं लग्न झालं आणि टॉवेल हिंडायला लागले. त्यांचा माग काढायचं साधन शामूकडं होतं. त्या मोसमातले बहुतेक मोठे व्हिडिओ त्यानंच केले होते, आणि बेळगावपासून चिकोडीपर्यंतचे त्याचे धंद्यातले दोस्तही चहावर व्हिडिओ देत होते. लग्नाच्या व्हिडिओतला आहेराचा भाग ज्यांचं लग्न असतं तेही पुढं ढकलतात. श्रेयांसनं तो सबंध पाहिला, मागं नेऊन पाहिला, सावकाश करून पाहिला.

“त्या बायकांकडं एवढं टक लावून काय बघताय?” राजश्रीनं विचारलं.

“टॉवेल बघतोय.”

“व्हय व्हय. टॉवेलच बघताय.”

पण खरंच टॉवेल बघत होता. आंबा दिसला की नंबर, नंबर दिसला की देणारा आणि घेणारा. हळूहळू लॅपटॉपवर नकाशा उमटायला लागला: प्रत्येक घर एक वर्तुळ, आणि वर्तुळातून वर्तुळात बाण. बेळगुंदीहून हिंडलगा, हिंडलग्याहून खानापूर, खानापूरहून चिकोडी. एका टॉवेलानं एका मोसमात एवढा प्रवास केला, की तेवढा मारुतीरावांनी नोकरीत बदली घेऊनही केला नसता. काही वर्तुळांत भरपूर बाण यायचे आणि तेवढेच बाहेर पडायचे. दुकानाकडून आलेला बाण मात्र एकही नाही, म्हणजे विकत घेतलेलं काहीच नाही. समाजशास्त्रज्ञांना जे घराघरांत बसून कळत नाही, ते निपाणीच्या एका कापडवाल्याला आंब्याच्या चिन्हावरून दिसत होतं. कोण कोणाला किती मानतं, ते!

“उत्तम,” मॅडम म्हणाल्या. “आता एकदा प्रत्यक्ष जाऊन निरीक्षण करा. नाहीतर परीक्षक विचारतील.”

म्हणून श्रेयांस सांबऱ्याला गेला. मारुतीरावांचे साडू रवळू यांच्या मुलाचं लग्न. मुहूर्त संध्याकाळचा. जैन माणूस, दिवस मावळल्यावर जेवायचा नाही, म्हणून तो आचाऱ्याच्या हातापाया पडून आधीच एकटा पंगतीला बसला. “अक्षता पडल्या न्हाईत आणि हे कोण जेवाय बसलंय?” असा प्रश्न मांडवाच्या चारी कोपऱ्यांतून त्याच्या पानावर येऊन पडत होता. त्याच्या स्वाभिमानाला हे सोसलं नाही, पण विज्ञानासाठी त्यानं तेही सोसलं.

अक्षता पडल्या. माइकवर आहेर सुरू झाला. शेजारच्या विमानतळावर विमान उतरलं की पुकारणाऱ्याचा आवाज बुडायचा आणि चुकीचा पाहुणा उठून उभा राहायचा. श्रेयांस खांबाशी उभा राहून मोबाईलमध्ये टिपत होता. एवढ्यात नाव आलं: “बेळगुंदीचे मारुतीराव, नवरदेवाचे काका! आहेर स्वीकारावा!”

मारुतीराव पुढं झाले. रवळूंनी टॉवेल-टोपी हातात ठेवली. मारुतीरावांनी टॉवेल कपाळाला लावला, खाली घेतला, आणि त्यांची नजर कोपऱ्यातल्या आंब्यावर गेली.

“रवळू,” ते शांतपणे म्हणाले, “ह्यो माझा हाय.”

“तुझाच की. तुलाच दिलाय.”

“तसं न्हवं. दिपालीच्या लग्नात मी तुला दिल्याला हाय ह्यो. नंबर बघ.”

“टॉवेलाला कुठं नंबर असतोय व्हय?”

“गॅरंटीचा माल हाय. जये, कागदाचा फोटो दाखव!”

जयाबाईंनी मोबाईल काढला. फोटो मोठा करून सगळ्यांनी बघितला. मारुतीरावांच्या गठ्ठ्यातला तो नंबर होता, आणि तो रवळूंच्या हातातून परत मारुतीरावांच्या हातात आला होता, यात शंकेला जागा राहिली नाही. आता ही गोष्ट काय कोणाला नवीन होती? मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की टॉवेल फिरतो. पण सगळ्यांना ठाऊक असणं वेगळं आणि माइक चालू असताना ठाऊक असणं वेगळं. आणि माइक चालू होता.

रवळूंचा चेहरा पडला, मग चढला. “मी एकटाच व्हय? मांडवात काय सगळी हरिश्चंद्र बसल्यात? उघडा की आपापलं!”

आणि मग त्या भागाच्या इतिहासात बहुधा पहिल्यांदाच, देण्याघेण्याचे टॉवेल उघडले गेले. प्लॅस्टिकचा खसखसाट झाला. “ह्यो आमचा!” “ह्यो तर मनुबाईंना दिलता की गं!” “आंबा हाय का बघ, आंबा!” ज्यांच्या टॉवेलावर आंबा नव्हता ते उगीच ताठ मानेनं हिंडायला लागले. एका म्हातारीला तिच्या कोऱ्या टॉवेलात कुणाची तरी जुनी हळदकुंकवाची पुडी सापडली. नवरा-नवरी बिचारी स्टेजवर एकटी बसलेली. त्यांच्याकडं बघायला कोणाला वेळ नव्हता.

“पण नंबर घातला कुणी?” कोणीतरी विचारलं. जयाबाईंनी मान वळवली. खांबाशी मोबाईल घेऊन उभा असलेला श्रेयांस सगळ्यांना एकदम दिसला. आयुष्यात पहिल्यांदा इतके लोक एकाच वेळी थेट त्याच्याकडं बघत होते, त्याच्या डोक्यावरून नव्हे. असं बघावं म्हणून तो वर्षानुवर्षं झुरत होता. आता त्याला वाटलं, वरून बघत होते तेच बरं होतं.

मारुतीराव त्याच्यापुढं येऊन उभे राहिले. टॉवेल पुढं केला.

“अण्णा, माल परत आलाय. गॅरंटी हाय न्हवं? द्या बदलून.”

दुसऱ्या दिवसापासून दुकानात दोन तऱ्हेचं गिऱ्हाईक यायला लागलं. एक दिवसाउजेडी यायचं आणि भरपूर टॉवेल न्यायचं: “कोरं द्या. नंबर नको. चिप तर घातली न्हाय न्हवं आत?” ट्रंकेतला टॉवेल द्यायची हिंमत आता कोणात उरली नव्हती. वर्षानुवर्षं उतरत चाललेला खप एका आठवड्यात असा उसळला की आप्पांना सुपारी कातरायला सवड मिळेना.

दुसरं गिऱ्हाईक दुकान बंद व्हायच्या सुमाराला यायचं आणि काही घ्यायचं नाही. मारुतीराव तसेच आले. लग्नातला ताठा उतरला होता.

“अण्णा, तुमच्या त्या कंप्युटरात सगळी घरं हाईत म्हणं?”

“आहेत.”

“माझ्या दिपालीच्या सासरचं बी?”

होतं. त्या घराचं वर्तुळ बरंच मोठं होतं.

“त्यांनी कुणाला काय दिलं, ते छापून आलं तर…” मारुतीरावांनी टोपी काढून हातात घेतली. “ते म्हणतील, सुनेच्या बापानंच नंबर घालून माल वाटला. माझ्या रवळूशी मी भांडीन आणि मिटवीन बी. पण पोरगी हाय ओ माझी तिथं. तिला रोज त्या घरात जेवायचं हाय.”

वर गादीवर आप्पांचा अडकित्ता थांबला होता.

श्रेयांसनं लॅपटॉप उघडला. मारुतीरावांच्या समोरच एकेक नाव खोडलं. घरांना अ, आ, इ, ई नावं दिली, गावं काढली, शामूचे व्हिडिओ पुसले आणि मोबाईलमधल्या नोंदीही पुसल्या. मारुतीराव बघत होते. जाताना त्यांनी एक कोरा टॉवेल विकत घेतला. रवळूसाठी.

मॅडमनी कपाळाला हात लावला. “अहो, एवढा सुंदर डेटा होता! मूळ नोंदीच नसतील तर परीक्षक पडताळणार कसे? ‘बनावट आहे’ म्हणून सरळ नापास करतील. निदान माझ्यापुरती यादी द्या.”

“नाही मॅडम.”

“दोन वर्षं जातील तुमची.”

गादीही जाईल, हे श्रेयांस बोलला नाही. बसमध्ये मात्र तवंदी घाट येईपर्यंत तो तेच बोलत होता, मनाशी.

तोंडी परीक्षेचा दिवस आला. बाहेरून आलेले परीक्षक साठीतले, कडक इस्त्रीचे आणि त्याहून कडक नजरेचे. त्यांनी अहवालाची पहिली पानं झरझर उलटली, कुत्सित हसले आणि म्हणाले, “टॉवेल! आणि हा विदा, म्हणजे तुमचा डेटा, खरा आहे याला पुरावा काय?”

“मूळ नोंदी मी नष्ट केल्या, सर.”

“मग आपलं काम संपलंच,” असं म्हणून त्यांनी शेवटचं पान उघडलं. तिथं वर्तुळांचा नकाशा होता. त्यांची नजर एका जाड वर्तुळावर थांबली. भरपूर बाण आत, भरपूर बाहेर, आणि दुकानाकडून एकही नाही. त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

“मॅडम,” ते तेजस्वी मॅडमना म्हणाले, “चहाचं जरा बघता का?”

मॅडम बाहेर गेल्या. परीक्षक पुढं वाकले. “हे जे घर ‘ऊ’ आहे… कुठल्या बाजूचं? मोसमात लग्न झालेलं घर दिसतंय.”

आणि श्रेयांसनं त्यांना ओळखलं. ह्या माणसाला त्यानं शामूच्या व्हिडिओत मागं नेऊन, सावकाश करून, कितीतरी वेळा पाहिलं होतं. मुलाच्या लग्नाचा मांडव, फेटा, आणि टॉवेलामागून टॉवेल वाटणारा हाच हात. सगळे आंब्याचे. परीक्षकांच्या कपाळावर बारीक घाम आला होता. एक शब्द पुरेसा होता, आणि तो शब्द श्रेयांसच्या जिभेवर अगदी आरामात बसला होता.

“सर,” तो म्हणाला, “संमतीपत्रात गोपनीयतेचं कलम आहे.”

“ते पाळलंत?”

“पाळलं.”

“कुठं प्रत? फोनमध्ये वगैरे?”

“काही नाही. मलाही आता आठवत नाही.”

परीक्षक खुर्चीत मागं रेलले. त्यांनी पाण्याचा पेला पूर्ण संपवला. मॅडम चहा घेऊन आत आल्या तेव्हा ते सांगत होते की नीतिमत्ता हा आजच्या विश्लेषणशास्त्रातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, आणि ह्या विद्यार्थ्यानं तो फार मनावर घेतलेला दिसतो. मॅडमना काही उलगडा झाला नाही. त्यांनी मार्क बघितले आणि उलगड्याचा नाद सोडला.

निपाणीला उतरल्यावर श्रेयांस घरी न जाता तडक दुकानात आला.

“पास?” आप्पांनी विचारलं.

“पास.”

“आण बघू.”

त्यानं कागद दिला. आप्पांनी ह्या वेळी चष्मा लावला. बोट फिरवत फिरवत सगळं वाचलं आणि बोट एका शब्दावर थांबलं.

“‘तात्पुरतं प्रमाणपत्र.’ हे काय?”

“खरं पदवीदानाच्या समारंभात देतात. वर्षभरानं.”

“हं.” आप्पांनी कागदाची घडी घातली, मोडली, परत घातली. श्रेयांसला वाटलं, आता हेही विचार करून कळवतील. पण आप्पा एक हात जमिनीला टेकून सावकाश उठले. पायात चपला घातल्या.

“मग तात्पुरता बस,” ते म्हणाले आणि कोपऱ्यावर चहाला निघून गेले.

श्रेयांस गादीवर चढला. गादीला आप्पांच्या आकाराचा खळगा पडला होता; त्यात तो जरा बुडाला, जरा सरकला, आणि बसला. दुकान वरून वेगळंच दिसत होतं. एवढ्यात एक बाई आल्या, खालच्या मोकळ्या पडलेल्या मोजायच्या जागेकडं बघितलं, खण निवडला आणि भावासाठी मान उचलली. नजर थेट त्याच्यावर. श्रेयांसनं भाव सांगितला. बाईंनी घासाघीस केली. त्यानं आढेवेढे घेत थोडं सोडलं. सगळं अगदी शास्त्राप्रमाणं झालं. बाईंनी नोट पुढं केली. सुटे द्यायला त्यानं गल्ल्याला हात घातला.

गल्ल्याला कुलूप होतं. किल्ली आप्पांच्या करदोट्याला, करदोटा आप्पांच्या कमरेला आणि आप्पा चहाला.

बाई नोट धरून उभ्याच होत्या.

“बसा की आक्का,” श्रेयांस म्हणाला. “उठायची घाई कुणाला हाय?” आणि तो आणखी थोडा मागं रेलून बसला.